घरी जोडलेला पीसी विंडोजपर्यंत पोहोचत नाही: फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, एक एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान) एसएसडी आणि जुन्या कॉम्प्युटरमधून काढून लावलेली हार्ड डिस्क, असा पीसी तुम्ही स्वतः जोडलात आणि तो बरेच महिने व्यवस्थित चालला. हार्ड डिस्क आवाज करायला लागली म्हणून ती काढली, आणि कॅबिनेट उघडलंच आहे तर बायोसही (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून टाकला. तेव्हापासून पंखे फिरतात, मदरबोर्डचा लोगो येतो आणि पुढं काही न होता सरळ बायोस उघडतो. हार्ड डिस्क परत लावली तर फिरणारे ठिपके दिसतात, मग निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं लिहिलेलं असतं. विंडोज एसएसडीवर आहे आणि एसएसडी बायोसमध्ये दिसतेय. ओळखीचे सगळे म्हणतायत, एसएसडी गेली किंवा विंडोज करप्ट झालं, फॉरमॅट मारून नवीन टाक.

फॉरमॅट मारू नका. तुमची एसएसडी बहुतेक ठणठणीत आहे आणि विंडोजही. या लक्षणांवरून मला दोन वेगवेगळे बिघाड दिसतायत. ते एकाच बैठकीत झाले, म्हणून एकच मोठा बिघाड असल्यासारखे वाटतायत. दोन्ही डेटा न जाता दुरुस्त होतात. फक्त ते वेगवेगळे हाताळले पाहिजेत.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत कॉम्प्युटरचा कारभार तीन हातांतून जातो. पहिला हात फर्मवेअरचा. आपण त्याला सवयीनं बायोस म्हणतो, पण गेल्या काही वर्षांतल्या मदरबोर्डवर ते यूईएफआय असतं. ते प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तपासतं, आणि मग मदरबोर्डवरच्या छोट्याशा कायम मेमरीत बूटच्या नोंदी शोधतं. प्रत्येक नोंदीत कुठल्या डिस्कवरच्या कुठल्या पार्टिशनमधली कुठली फाइल चालवायची, याचा पूर्ण पत्ता असतो. विंडोजच्या बाबतीत हा पत्ता ईएफआय सिस्टिम पार्टिशनचा असतो. हे फॅट३२ पद्धतीचं छोटंसं पार्टिशन, साधारण १०० एमबीचं, आणि एरवी ‘धिस पीसी’मध्ये ते दिसतही नाही. तिथला विंडोज बूट मॅनेजर म्हणजे दुसरा हात. तो आपल्या बीसीडी नावाच्या नोंदवहीत बघतो, विंडोज कुठं आहे ते शोधतो आणि विंडोजच्या लोडरकरवी कर्नल (विंडोजचा गाभा) व सुरुवातीला लागणारे ड्राइव्हर (हार्डवेअरशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम) मेमरीत चढवतो. तिथून पुढं तिसरा हात, म्हणजे खुद्द विंडोजचं कर्नल.

पीसी कुठल्या हातात असताना थांबला, हे आधी ठरवायचं. सरळ बायोस उघडतोय म्हणजे पहिल्या हाताला दुसरा सापडत नाहीये. ठिपके दिसून निळी स्क्रीन येतेय म्हणजे दुसऱ्यानं आपलं काम केलं आणि तिसरा अडला. तुमच्याकडं हार्ड डिस्क नसताना पहिला प्रकार होतो आणि असताना दुसरा. म्हणून मी म्हणतो, बिघाड दोन आहेत.

हार्ड डिस्क काढली की बायोस का उघडतो

विंडोज इन्स्टॉल करताना पीसीला आणखी एखादी डिस्क लावलेली असेल आणि तिच्यावर आधीचं ईएफआय पार्टिशन असेल, तर विंडोजचा सेटअप नवीन पार्टिशन करण्याऐवजी पुष्कळदा तेच वापरतो. तुम्ही स्क्रीनवर एसएसडी निवडलेली असते, विंडोजच्या फाइलीही एसएसडीवरच जातात, पण बूट मॅनेजर मात्र जुन्या हार्ड डिस्कवर जाऊन बसतो. याची कुठलीही सूचना मिळत नाही. ती डिस्क जागेवर आहे तोपर्यंत सगळं सुरळीत, आणि ज्या दिवशी ती काढाल त्या दिवशी एसएसडीवर अख्खं विंडोज असूनही त्याला उठवणारं कुणी नाही. जुनी डिस्क पुढं वापरून केलेल्या घरगुती पीसींमध्ये हा प्रकार फार होतो, आणि दर वेळी दोष चांगल्या एसएसडीच्या माथी मारला जातो.

म्हणूनच माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं असतं, विंडोज टाकताना ज्या डिस्कवर टाकायचं आहे ती सोडून बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

हार्ड डिस्क लावल्यावर निळी स्क्रीन का येते

याचं कारण बायोस अपडेट. अपडेट झाल्यावर बायोसच्या सगळ्या सेटिंग बहुधा मूळ स्थितीला जातात. रॅमचं एक्सएमपी (जास्त वेगानं चालवायची सेटिंग) बंद होतं, पंख्यांचा वेग बदलतो, हे पटकन लक्षात येतं. पण स्टोरेजचा मोडही बदललेला असू शकतो आणि तो कुणी बघत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढं अनेक मदरबोर्डवर व्हीएमडी नावाची सोय असते. ती चालू असली की एनव्हीएमई एसएसडी विंडोजला थेट दिसत नाही, मध्ये एक कंट्रोलर येतो, आणि त्याच्यासाठी इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा वेगळा ड्राइव्हर लागतो. विंडोज टाकलं तेव्हा व्हीएमडी बंद होतं आणि आता अपडेटनं चालू केलं असेल, तर विंडोजकडं तो ड्राइव्हरच नाही. उलट घडलं असेल तरी परिणाम तोच.

इथं एक गोष्ट लोकांना कोड्यात टाकते. ड्राइव्ह बायोसला दिसतो, बूट मॅनेजरनं त्याच्यावरून कर्नल वाचलंसुद्धा, मग तोच ड्राइव्ह ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ कसा? तर, बूट मॅनेजरच्या हातात कारभार असतो तोपर्यंत डिस्क वाचायचं काम फर्मवेअरच करून देतं. कर्नलनं ताबा घेतला की फर्मवेअरची ही मदत संपते आणि विंडोजला स्वतःच्या ड्राइव्हरनं डिस्क गाठावी लागते. योग्य ड्राइव्हर नसेल तर ज्या डिस्कवरून आपण आत्ताच आलो तीच त्याला सापडत नाही, आणि ७बी क्रमांकाची निळी स्क्रीन येते. डिस्क खराब झाली की हाच कोड येतो असं काही नाही. मोड बदलल्यावर तो हमखास येतो.

आता करायचं काय

पहिली गोष्ट, बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्यानं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं तर घरी जोडलेल्या पीसीवरही ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होण्याची शक्यता पुष्कळ वाढली आहे. बायोसमधले बदल, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय), टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी चिप) यांतलं काहीही हललं की बिटलॉकर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’, म्हणजे कुलपाची किल्ली, मागतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ही की आहे का बघा, आणि असेल तर कागदावर उतरवून घ्या. की नसेल तर त्या डेटाला कुणीही हात लावू शकत नाही. म्हणून हे सगळ्यात आधी. एएमडीच्या पीसीवर प्रोसेसर बदलल्यावर किंवा बायोस अपडेट केल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) रीसेट करायचं का, वाय किंवा एन दाबा, असा प्रश्न येऊ शकतो. की हातात नसेल तर तिथं ‘एन’ दाबा.

दुसरी गोष्ट, हार्ड डिस्क परत लावताना पॉवरची केबल तुमच्या एसएमपीएसबरोबर (पीसीला वीज पुरवणारा डबा) आलेलीच वापरा. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलच्या, एसएमपीएसच्या केबलचं डिस्ककडचं टोक सगळीकडं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेत किती व्होल्ट, याचं कुठलंही प्रमाण नाही. दुसऱ्या एसएमपीएसची केबल अगदी घट्ट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट देऊन डिस्क कायमची जाळते. घरी जोडणाऱ्या माणसाच्या हातून डेटा जाण्याचं याच्याइतकं वाईट कारण दुसरं नाही, कारण डिस्क त्या क्षणापर्यंत चांगली असते. केबल कुठली याची शंका असेल तर लावूच नका.

आता हार्ड डिस्क लावून, पीसी चालू करून बायोसमध्ये जा. काहीही बदलायच्या आधी स्टोरेज, बूट आणि सिक्युरिटी या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग व्हीएमडी शोधा. मदरबोर्डच्या कंपनीप्रमाणं ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये, ‘सिस्टिम एजंट’मध्ये किंवा ‘साटा अँड स्टोरेज’मध्ये असतं. चालू असेल तर बंद करा, बंद असेल तर चालू करा, सेव्ह करून बाहेर या. फक्त हेच एक. त्याच फेरीत एक्सएमपी, सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय), सिक्युअर बूट यांना हात लावायचा नाही, नाही तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. दोन डिस्क एकच असल्यासारख्या चालवणारं खरंखुरं रेड (RAID) असेल तर मात्र हा मोड असा बदलून बघू नका. तुमच्याकडं ते नाही, त्यामुळं इथं धोका नाही.

माझ्या अंदाजानं एवढ्यावर विंडोज उघडेल. नाहीच उघडलं, तर सेफ मोडमधून जाऊन बघा. सलग दोनदा बूट फसलं की विंडोज स्वतःहून रिकव्हरीची निळी पानं दाखवतं. तिथून ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असं जाऊन सेफ मोड निवडायचा. सेफ मोडमध्ये विंडोज आपल्याकडचे स्टोरेजचे मूळ ड्राइव्हर पुन्हा चाचपून बघतं आणि जो लागू पडतो तो जागा होतो. त्यानंतर साधं रीस्टार्ट केलं की पुष्कळदा काम होऊन जातं. या पानांवर ‘रीसेट धिस पीसी’ असंही एक बटण असतं. त्याच्या वाटेला जाऊ नका. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी टाकलेले सगळे प्रोग्रॅम उडतात, आणि बूट मॅनेजर चुकीच्या डिस्कवर असण्याचा तुमचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

विंडोज उघडलं की सगळ्यात आधी त्या आवाज करणाऱ्या डिस्कवरचं जे हवं ते कॉपी करून घ्या. अशा डिस्कवर ‘चेकडिस्क’ (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. पूर्ण तपासणी लावली तर ते शेवटच्या सेक्टरपर्यंत डिस्क घासून काढतं, दुरुस्तीच्या नावाखाली लिहीतही राहतं, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. डिस्कची तब्येत बघायची असेल तर स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींचे) आकडे दाखवणारं कुठलंही साधन वापरा. १९७ क्रमांकाचा, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांचा आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्क मरायला टेकलीय असं समजा. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसतो, साटा केबलचा असतो. केबल बदलली की वाढ थांबते.

बूट मॅनेजर एसएसडीवर आणणं

‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा आणि ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ कुठल्या डिस्कच्या ओळीत आहे ते बघा. ते जुन्या हार्ड डिस्कवर दिसलं की निदान पक्कं झालं. आता एसएसडीवर नवं ईएफआय पार्टिशन करायचं. बिटलॉकर चालू असेल तर त्याचं संरक्षण आधी तात्पुरतं थांबवा.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. फोनवर सांगावं तसं सांगतो, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा. ‘डिस्कपार्ट’ लिहून एंटर. मग ‘लिस्ट डिस्क’. इथं आकारावरून एसएसडी ओळखा आणि तिच्यासमोर जीपीटीच्या (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) रकान्यात तारा (*) आहे ना ते बघा. तारा नसेल तर इथंच थांबा, ते प्रकरण वेगळं आहे आणि त्याची पद्धतही वेगळी. तारा असेल तर ‘लिस्ट व्हॉल्यूम’, ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ आणि सी ड्राइव्हचा क्रमांक, मग ‘श्रिंक डिझायर्ड=३००’. यानं सी ड्राइव्हच्या शेवटी ३०० एमबी मोकळी जागा होते. मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि एसएसडीचा क्रमांक. हा क्रमांक एंटर दाबण्याआधी पुन्हा एकदा वाचा. मग ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०’, त्यावर ‘फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२’, मग ‘असाइन लेटर=एस’, आणि ‘एक्झिट’. फॉरमॅटची ही कमांड आत्ताच केलेल्या पार्टिशनवरच चालते, कारण निवड त्याच्यावर असते. मध्ये दुसरं काही सिलेक्ट करू नका.

आता शेवटची कमांड. ‘बीसीडीबूट’, जागा सोडून विंडोजच्या फोल्डरचा पत्ता, म्हणजे सी, कोलन, उलटा स्लॅश, विंडोज. जागा सोडून सरळ स्लॅश आणि एस, पुन्हा जागा सोडून एस कोलन. शेवटी सरळ स्लॅश आणि एफ, जागा, यूईएफआय. ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’ असं उत्तर आलं की काम झालं.

पीसी पूर्ण बंद करा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढा आणि चालू करून बघा. एक बारकावा लक्षात ठेवा. स्लॅश एस देऊन बीसीडीबूट चालवलं तर मदरबोर्डच्या मेमरीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी नवी नोंद होतेच असं नाही. अशा वेळी फर्मवेअरनं ठरलेल्या जागची पर्यायी बूट फाइल शोधायची असते, आणि बीसीडीबूटनं ती तिथं ठेवलेली असते. त्यामुळं बूट मेन्यूमध्ये विंडोजच्या नावाऐवजी एसएसडीच्या मॉडेलचं नाव दिसलं तर घाबरू नका, तेच निवडा.

या सगळ्यात मला आवडणारी गोष्ट म्हणजे जुन्या डिस्कवरच्या बूट मॅनेजरला आपण कुठंच हात लावलेला नाही. नवीन पार्टिशनवरून बूट झालं नाही, तर जुनी डिस्क लावायची आणि पुन्हा विंडोजमध्ये यायचं. परतीची वाट उघडी ठेवून केलेली दुरुस्ती हीच खरी दुरुस्ती. इंटरनेटवर सर्रास सांगितल्या जाणाऱ्या ‘बूटरेक’ या बूट दुरुस्तीच्या साधनाच्या कमांडमध्ये ती खात्री नसते. त्यातली ‘फिक्सएमबीआर’ तर जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी आहे, यूईएफआयच्या पीसीवर तिचा उपयोग नाही. आणि ‘फिक्सबूट’ला ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ असं उत्तर आलं म्हणून डिस्क गेली असा अर्थ लावू नका.

समजा जुनी डिस्क आता चालतच नाही. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साधनानं विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवा. त्याला किमान ८ जीबी लागतात आणि त्याच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. त्यावरून बूट करून भाषेचं पहिलं पान आलं की शिफ्ट आणि एफ१० एकदम दाबा, कमांड प्रॉम्प्ट उघडतो. पुढच्या कमांड याच. फरक एवढाच की तिथं ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, तुमचा सी तिथं डी किंवा ई असू शकतो. म्हणून ‘डीआयआर’ देऊन विंडोजचं फोल्डर नेमकं कुठल्या अक्षरावर आहे ते आधी बघा. ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल तर तो आधी की देऊन उघडावा लागेल. आणि पेन ड्राइव्हवरून आल्यावर एसएसडी दिसलीच नाही तर पुन्हा व्हीएमडीकडं बघा, कारण विंडोजच्या सेटअपकडंही तो ड्राइव्हर बहुधा नसतो. ‘सेटअपला डिस्क दिसत नाही म्हणजे ती मेली’ असं समजून चांगल्या एसएसडी परत पाठवणारे लोक आहेत.

रॅमबद्दल, कारण तुम्ही विचारलंत

तुम्ही लिहिलंय की कुणीतरी रॅम बदलायला सांगितलं. तुमच्या बाबतीत मी रॅमवर संशय घेणार नाही. बायोस अपडेटनंतर एक्सएमपी बंद झालेलं असणार, म्हणजे रॅम आधीपेक्षा कमी वेगानं आणि जास्त सुरक्षित चालतेय. शिवाय निळ्या स्क्रीनवरचा कोड दर वेळी तोच आहे. मी हा नियम मानतो: कोड दर वेळी एकच असेल तर ड्राइव्हर, सेटिंग किंवा फाइल बघा. कोड दर वेळी वेगळा, आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या आयआरक्यूएल, परवा नुसतंच रीस्टार्ट, असं असेल तर रॅम, प्रोसेसर किंवा पॉवर बघा. नियमाला अपवाद असतात, पण सुरुवात कुठून करायची ते यानं बरोबर कळतं.

वेगवेगळे कोड येणाऱ्यांसाठी: एक्सएमपी किंवा एक्स्पो (एएमडीच्या पीसीवरचं तसंच काही) बंद करा आणि पेन ड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट८६प्लस’ हे रॅम तपासणारं साधन रात्रभर चालू द्या. एकही चूक दिसली तर ती रॅम त्या वेगाला नापास. ‘एकच तर चूक आहे’ असा हिशेब इथं चालत नाही, कारण विंडोजच्या फाइली लिहिताना तोच एक बिट चुकला की पुढं महिनोन्‌महिने भलतेच बिघाड निघत राहतात. अशा रॅमवर टाकलेलं विंडोज दुरुस्त करत बसू नका. आधी रॅम ठीक करा आणि मग विंडोज नव्यानं टाका. फॉरमॅटचा सल्ला मी मनापासून देतो ती ही एक जागा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्यांनी बायोस अद्ययावत ठेवलाच पाहिजे. या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होतात हे इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून बायोसमधून सुधारणा दिल्या. मात्र झालेली झीज त्यानं भरून येत नाही.

लोगोसुद्धा येत नसेल तर

हे तुमचं नाही, पण हा मजकूर शोधत येणाऱ्यांपैकी काहींचं असेल. लोगो येत नाही म्हणजे पीसी पहिल्याच हातात अडलाय. विंडोज, डिस्क, पार्टिशन यांचा त्याच्याशी संबंध नाही. मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील तर कुठला पेटून राहतो ते बघा. डीरॅमचा दिवा आणि नवी डीडीआर५ रॅम असेल तर आधी थांबा. पहिल्या वेळी किंवा बायोस अपडेटनंतर मेमरी ट्रेनिंगला (मदरबोर्डनं रॅमशी जुळवून घ्यायला) काही मिनिटं लागू शकतात, आणि घाईनं बंद केलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तरी अडलं तर एकच रॅम, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, लावून बघा. व्हीजीएचा दिवा असेल आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डलाच लावलीय ना ते बघा, कारण त्या प्रोसेसरात ग्राफिक्स नसतंच. प्रोसेसरची ८ पिनची पॉवर केबल विसरणं हेही नेहमीचंच. ती २४ पिनच्या मोठ्या केबलहून वेगळी असते आणि तिच्याशिवाय पंखे फिरतात, पण पुढं काही होत नाही.

दर वेळी घड्याळ मागं जात असेल आणि बायोसच्या सेटिंग आपोआप बदलत असतील तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल संपला की सेटिंग मूळ स्थितीला जातात, आणि मग स्टोरेजचा मोड बदलून तुमच्यासारखीच निळी स्क्रीन अधूनमधून येत राहते.

सगळं जागेवर असूनही तिसऱ्या हातात अडत असेल तर

हार्डवेअर बदललेलं नाही, बायोसला हात लावलेला नाही, आणि एका अपडेटनंतर ठिपके फिरून पीसी पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतोय, असं असेल तर एखाद्या ड्राइव्हरनं वाट अडवली आहे. १९ जुलै २०२४ ला जगभरात असंच झालं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल आली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळल्या. एकाही मशीनची डिस्क किंवा रॅम बिघडली नव्हती. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसली की विंडोज उघडत होतं. घरच्या पीसीवरही हाच मार्ग धरायचा. रिकव्हरीतून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून बघायचं, नाही तर सेफ मोडमध्ये जाऊन शेवटी टाकलेला ग्राफिक्सचा ड्राइव्हर, अँटिव्हायरस किंवा आरजीबी दिव्यांचं सॉफ्टवेअर काढायचं. हे शेवटचं सांगतोय ते मुद्दाम. दिव्यांची आणि पंख्यांची सॉफ्टवेअर कर्नलपर्यंत जाणारे ड्राइव्हर टाकतात आणि त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही.

लिनक्स जोडीला असेल आणि विंडोजच्या अपडेटनंतर फक्त विंडोजच उघडायला लागलं, तर पुष्कळदा नुसता बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये लिनक्सची नोंद वर आणली की झालं, ग्रब (लिनक्सचा बूट मॅनेजर) पुन्हा टाकायची गरज पडत नाही.

तुमच्याकडं परत येतो. व्हीएमडी दोन्ही प्रकारे बघून आणि सेफ मोडचा प्रयत्न करूनही निळी स्क्रीन गेली नाही, तर मला तीन गोष्टी पाठवा: बायोसच्या स्टोरेज पानाचा फोटो, बूटच्या नोंदींच्या पानाचा फोटो, आणि पेन ड्राइव्हवरून आत जाऊन डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट डिस्क’ व ‘लिस्ट व्हॉल्यूम’ यांनी जे दाखवलं त्याचा फोटो. अपडेटच्या आधी बायोसची कुठली आवृत्ती होती ते आठवत असेल तर तेही लिहा. आणि पीसी नव्या बूट मॅनेजरवर काही आठवडे बिनतक्रार चालेपर्यंत जुनी डिस्क टाकून देऊ नका, पुसूही नका. ‘जुनी बूट डिस्क’ अशी चिठ्ठी चिकटवून ती बाजूला ठेवा.